चूक कुठल्या पायरीवर झाली?

(दहावीच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांनी या सभागृहात उभी आहे, आणि अजूनही वाटतंय की मागून कोणीतरी "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणेल. संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाविषयी बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." प्रयत्न करते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रस्त्यांवरच्या वाहतुकीची माहिती गोळा करणारे प्रोग्रॅम लिहिते. त्या कामासाठी दोन वर्षं स्वीडनमध्ये होते. तिथे शिकलेली एक गोष्ट आज सांगायची आहे.

पण आधी आपल्यातल्या एकाची आठवण. नाव घेत नाही. तुमच्या मनात ते आलंच असेल. आठ वर्षांपूर्वी रात्री तो आपल्या फाट्यावर, महामार्गाच्या दुभाजकातल्या फटीतून मोटारसायकल वळवत होता. भरधाव ट्रकची धडक बसली. बातमी कळल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "हेल्मेट होतं का?" आणि मग, "चूक कोणाची?" त्या प्रश्नांची मला आजही लाज वाटते.

स्वीडनमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हे सहकाऱ्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, "पण तिथे फट का होती?" मी गप्प बसले. हा प्रश्न मला आठ वर्षांत सुचला नव्हता.

१९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेनं 'व्हिजन झीरो' हे धोरण स्वीकारलं. त्याचं मूळ सूत्र साधं आहे : माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. तेव्हापासून तिथलं रस्ते खातं प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा सखोल तपास करतं. दोषी ठरवणं हे पोलिसांचं काम. या तपासात शोधायचं असतं ते हे, की रस्त्यात काय बदललं असतं तर तो माणूस वाचला असता.

हे ज्ञान काही एकट्या स्वीडनचं नाही. जर्मनीत तीन पदरी रस्ते होते. मधला पदर आलटून-पालटून एकेका दिशेला पुढच्या गाडीला ओलांडण्यासाठी दिलेला, आणि दोन दिशांमध्ये नुसता रंगाचा पट्टा. स्वीडननं ती कल्पना घेतली आणि १९९८ मध्ये पट्ट्याच्या जागी पोलादी तारदोरांचा कठडा उभारला. डुलकी लागली तर गाडी समोरच्या गाडीवर न आदळता दोरांत अडकते. गाडी खराब होते, माणूस घरी जातो. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले. मग आयर्लंडनं ही पद्धत काही रस्त्यांवर वापरून पाहिली आणि २००७ मध्ये ठरवलं, की आपल्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन पदरच बरे. म्हणजे वही सगळ्यांना खुली, पण उत्तर ज्यानं-त्यानं आपलं गणित मांडून काढायचं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. देशभरातल्या इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभव मांडावेत आणि त्यातून रस्त्यांची मानकं ठरावीत, हे काम ती आजही करते.

तरीही २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. त्यामुळे मोटारींसाठी आखलेला परदेशी उपाय जसाच्या तसा उचलून आपलं भागणार नाही. पण तपासाची पद्धत मात्र नक्की उचलता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून 'झीरो फेटॅलिटी कॉरिडॉर'चं काम सुरू झालं. अपघातांचा अभ्यास करून धोक्याच्या जागा शोधल्या, कठड्यांची उघडी टोकं झाकली, वेगावर नजर ठेवली, जखमींपर्यंत मदत लवकर पोहोचेल असं पाहिलं. पुढच्या काही वर्षांत बळींची संख्या निम्म्याहून कमी झाल्याची नोंद आहे. रस्ता तोच, चालक आपलेच.

काल येताना मी फाट्यावर थांबले. फट अजून आहे. चहाच्या टपरीवाल्या काकांनी सांगितलं, "दोनदा बुजवली ताई, दोनदा लोकांनी उघडली. पलीकडच्या शेतात जायचं तर तीन किलोमीटर वळसा कोण घालणार?" त्यांचं खरं आहे. नुसती फट बुजवणं म्हणजे गणित न मांडता शेवटचं उत्तर लिहिणं. तिथे खालून वाट हवी, नाहीतर दिवे असलेलं, थांबायला वेगळा पदर दिलेलं नीट वळण तरी हवं.

आपल्या वर्गात बांधकाम खात्यातले आहेत, पोलिसांत आहेत, डॉक्टर आहेत, ग्रामपंचायतीत आहेत. मी एवढं करू शकते : आठवडाभर तिथे किती माणसं आणि किती गाड्या कोणत्या वेळी पलीकडे जातात, ते कॅमेऱ्यानं मोजून तक्ता करून देईन. अर्ज आपण सगळ्यांनी मिळून करू. आज जेवणानंतर दहा मिनिटं पिंपळाच्या पारावर या.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही चुकलेल्या उत्तरावर कधी नुसती फुली मारली नाहीत. ज्या पायरीवर चूक झाली, तिथे लाल गोल करायचात आणि म्हणायचात, "इथून पुढे परत सोडव."

त्याच्या अपघाताचं गणित आपण अजून सोडवलेलं नाही. लाल गोल कुठे करायचा, ते आता मला कळलं आहे.