नाकाचा आतला आधार

शहापूर-मुरबाडकडील कुडाच्या घराचे छप्पर ज्याप्रमाणे मधल्या मेढीच्या भरवशावर उभे असते, त्याचप्रमाणे नाकाचे बाह्य सौष्ठव त्याच्या आतील पडद्यावर अवलंबून असते. नाकाचा वरचा तृतीयांश अस्थींचा. त्याखालचा सारा डोलारा कूर्चांचा असून, शेंड्याच्या दोन कमानदार कूर्चा परस्परांशी, वरच्या कूर्चांशी आणि पडद्याच्या पुढील कडेशी तंतूंनी जखडलेल्या असतात. सौंदर्यासाठी शस्त्र चालविताना हे बंध तुटले व त्यांचा पुनश्च बंदोबस्त झाला नाही, तर शेंडा कालांतराने झुकतो.

नाक घडविण्याच्या या शस्त्रविद्येत आपल्या मुलखाचा मान मोठा आहे. १७९२च्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास, माळशेजपलीकडे पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतील एका कुशल कारागिराने मेणाच्या पत्र्यावरून माप घेऊन, भुवयांमधला देठ रक्तपुरवठ्यासाठी राखून, कपाळाच्या कातडीचे नवे नाक दिले; ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापली गेली आणि शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तोच प्रयोग विलायतेत यशस्वी केला. त्या वृत्तान्तात कातडीखालच्या कूर्चेचा उल्लेख नाही. आजचे शल्यविशारद मात्र पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून कूर्चा घेऊन नाकाचा आतला आधार रचतात. आणि पडद्यातून ती घेताना वरच्या व पुढच्या कडेला निदान एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी शाबूत ठेवतात, अन्यथा नाकाचा कणा खचून श्वासही कोंडतो.