पोपटाचे उष्टावण

मुलाच्या उष्टावणाचा दिवस पंचांग पाहून ठरवितात. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट जिभेला लावले की समारंभ आटोपतो. आईचे दूध त्यानंतरही कित्येक महिने चालू राहतेच. पोपटाच्या पिल्लाला पंचांग नाही आणि मामाही नाही. तरीही पातळ घासावरून दाण्यावर येण्याचा प्रसंग त्याच्या वाट्याला येतो. पिल्लू ढोलीत आईबापांजवळ असेल तर माणसाने त्याची काळजी वाहण्याचे कारण नाही. ते माणसाच्या ओंजळीत आलेले असेल, तर मात्र हा प्रसंग कसा पार पडला यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

रायपूरकडे पोपटाला सुवा म्हणतात. दिवाळीच्या सुमारास छत्तीसगडी स्त्रिया टोपलीत धान भरून त्यावर मातीचा सुवा ठेवतात आणि तिच्याभोवती फेर धरून, टाळ्यांच्या ठेक्यावर, आपले सुखदुःख त्या मातीच्या पक्ष्याला सांगतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी घरे आहेत. त्यांच्याही ओसरीवर मिठूचा पिंजरा पिढ्यान् पिढ्या टांगलेला असे. श्रोत्यांपैकी कित्येकांना आपल्या आजोळची अशी एखादी ओसरी आठवेल. त्या पिंजऱ्यातला पक्षी कोठून आला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नसे. थंडी ओसरू लागली की जुन्या झाडांच्या ढोलींत पोपटाची जोडपी अंडी घालतात, आणि पिल्लांना पुरती पिसे फुटण्याआधीच कोणाचा तरी हात त्या ढोलीत शिरतो. कधी वैशाखातल्या वादळाने फांदी मोडते, कधी रस्ता रुंद करण्यासाठी झाडच पाडले जाते. कारण कोणतेही असो, उघडेबोडके, मोठ्या डोक्याचे, सतत चिरकणारे एक पिल्लू माणसाच्या ओंजळीत येते.

शक्य असेल तर त्याला ढोलीत परत ठेवणे हाच पहिला उपाय. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत निराधार आहे. ढोलच नाहीशी झाली असेल तर वनखात्यास कळवावे. आपल्याकडचे रानपोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये छत्तीसगडच्या वनखात्याने यासंबंधी कारवाईचे आदेश काढले, तेव्हा घरोघर मोठी चलबिचल झाली. थोड्याच दिवसांत घरांत वाढलेल्या पोपटांविषयीची कारवाई तूर्त थांबविण्यात आली, विक्रीची बंदी तेवढी कायम राहिली. या माघारीला कोणी दुबळेपणा म्हणेल. पण आदेशाने पिंजऱ्याचे दार उघडता येते, पक्ष्याला दाणा फोडता येत नसेल तर त्या उघड्या दाराचा त्याला उपयोग काय? दाणा फोडण्याची विद्या त्याला त्या पाच-सहा आठवड्यांतच मिळावयास हवी होती.

त्या आठवड्यांत घडते काय? ढोलीत असताना आईबाप आपल्या अन्नपुटातले अर्धवट मऊ झालेले अन्न पिल्लाच्या चोचीत ओततात. पिल्लाच्याही गळ्याखाली तशीच पिशवी असते. ती भरली की फुगते आणि हळूहळू रिकामी होते. माणसाला हेच काम चमच्याने करावयाचे असते. दुधात पाव कालवून देण्याची रीत घरोघर आहे, ती मोडली पाहिजे. पक्ष्याच्या पोटात दूध पचविण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. पक्ष्यांच्या पिल्लांसाठी तयार पीठ मिळते, ते पाण्यात कालवून 39 ते 41 अंश सेल्सिअस इतके ऊन असताना द्यावे. याहून गरम घास अन्नपुट भाजून काढतो, आणि ती जखम कधी कधी काही दिवसांनी दिसू लागते. गार घास आत साचून आंबतो. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेण्यापेक्षा तापमापक बुडवून पाहणे बरे.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास हिरवी पिसे अंग झाकू लागतात, आणि पिल्लू खोक्यातली काडी, कापडाचा दोरा, पाळणाऱ्याच्या सदऱ्याचे बटण चोचीने चाचपू लागते. ही भूक नव्हे, केवळ कुतूहल आहे. पण दाण्याकडे जाणारी वाट येथूनच सुरू होते. या वेळी त्याच्यापुढे पेरूची फोड, उकडलेला मका, हिरवे मटार, मोड आलेले मूग पसरून ठेवावे. धान दुधात आलेले असेल तर त्याची एखादी लोंबी द्यावी. मिरचीही चालते, तिचा तिखटपणा पक्ष्याच्या जिभेला जाणवतच नाही, त्यामुळे पोपट मिरची खातो यात शौर्य काहीच नाही. पहिले काही दिवस पिल्लू यातले काही खात नाही. तुडविते, उधळते, पेरूच्या बिया भिंतीला चिकटविते. गृहिणीला ही नासाडी वाटते आणि ती वाडगे उचलून नेते. वास्तविक तेव्हाच ते तेथे राहावयास हवे. फक्त रायपूरच्या उन्हाळ्यात असले अन्न पाहता पाहता आंबते, म्हणून ते दिवसातून अनेकदा बदलावे लागते.

दाणा फोडणे हे दिसते तितके सोपे नाही. वरची चोच दाणा धरते, खालची तूस उकलते, आणि जाडसर जीभ त्या दाण्याला फिरवीत राहते. हे जमेपर्यंत पिल्लू दाणा सालासकट चघळते आणि टाकून देते. अंगणात दोघे-तिघे तिळे-जुळे असते तर एकाचे पाहून दुसरा शिकला असता. एकट्या पिल्लासमोर पाळणाऱ्यानेच मटार सोलून खाण्याचे नाटक करावे. घरच्यांना हसू येते, पण उपयोग होतो.

चमचा केव्हा बंद करावा, याविषयी दोन चुका होतात, आणि दोन्ही प्रेमापोटीच होतात असे नाही. विकणाऱ्याला घाई असते. पिल्लू स्वतः खाते असे गिऱ्हाइकाला सांगता यावे म्हणून तो घास एकदम तोडतो. भुकेने पिल्लू शिकेल, असा हिशेब असतो. भुकेले पिल्लू शिकत नाही. ते ओरडते, मान खाली-वर हलवीत भीक मागते आणि वाळत जाते. त्याच्या पंखांवरून ते पुष्ट दिसते, पण छातीचे हाड बोटाला लागते. म्हणून रोज सकाळी, अन्नपुट रिकामे असताना, तराजूवर वजन करावे. उडण्याच्या सुमारास वजन थोडे उतरते, कारण जड अंगाने उडता येत नाही. ते स्वाभाविक आहे. दहाव्या हिश्श्याहून अधिक उतरले तर चमचा पुन्हा हाती घेतला पाहिजे. घास कमी करताना आधी दुपारचा सोडावा, रात्रीचा सर्वांत शेवटी, म्हणजे पक्षी पोटभर झोपतो. रानातले पिल्लू सातव्या आठवड्याच्या आसपास ढोल सोडते आणि त्यानंतरही काही दिवस आईबापांकडून घास घेते, हे ध्यानात ठेवले तर घाई होणार नाही.

दुसरी चूक घरातली. पिल्लू खाऊ लागलेले असते, तरी चमचा दिसताच पंख थरथरवून घास मागते, आणि ते मागणे कोणाला तरी फार गोड वाटते. मग महिनेच्या महिने भरविणे चालू राहते. त्या पक्ष्याला माणूस हेच झाड आणि माणूस हाच थवा.

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त, जिच्या नावावरून मराठीने एका साहित्यप्रकाराचेच नाव घेतले, असे एक पोरके पिल्लू आहे. आई त्याच्या जन्मातच गेलेली. म्हातारा बाप दुसऱ्या घरट्यांतून गळलेले तांदळाचे कण वेचून त्याला भरवितो. पुढे शिकारी शाल्मलीवर चढून बापाला मारतो, पिल्लू वाळल्या पानांवर पडून वाचते, आणि एक मुनिकुमार त्याला उचलून सरोवराकाठी पाण्याचे थेंब पाजतो. सातव्या शतकातल्या त्या लेखकाने पाहिल्यावाचून हे लिहिले असेल असे वाटत नाही.

माणसाने वाढविलेले पिल्लू रानात परत जाऊ शकते काय? मॉरिशस बेटावर आपल्या पोपटाचा एक चुलत भाऊ राहतो. 1980 नंतरच्या दशकात त्याचे जेमतेम दहा-बारा पक्षी उरले होते. तेथे पिल्ले हाताने वाढविली, त्यांना एकमेकांच्या संगतीत खावयास शिकविले आणि मग रानात सोडले. पुढे त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. एकट्यादुकट्याला गच्चीवरून उडवून देणे ही मुक्तता नव्हे. त्याला घारीची ओळख नसते आणि आपल्या जातीची बोलीही येत नसते. म्हणून खाऊ लागलेले पिल्लू, माणसाची फार सवय होण्याआधी, वनखात्याच्या हवाली करणे आणि त्याच्यासारख्याच इतरांत मिसळू देणे इष्ट.

हा क्षण ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. संध्याकाळी बुढा तलावाच्या बाजूने पोपटांचे थवे ओरडत जातात, तेव्हा पिल्लू मान वर करून ऐकते. पाळणारा चमचा पुढे करतो. पिल्लू एक घोट घेते, डोके झटकून बाकीचा त्याच्याच हातावर उडविते, आणि पाठ फिरवून पेरूच्या फोडीकडे चालू लागते.