आयर्लंडच्या टनेलमधला रब्बी हंगाम

आयर्लंडमधल्या मराठी घरात परसात पॉलिटनेल उभारायचा विचार निघाला की पहिलं नाव भेंडीचं येतं. पाठोपाठ कारली, दोडकी, गवार. इथं ऊन कमी, थंडी जास्त, म्हणून प्लास्टिकखाली उष्णता कोंडायची आणि आपल्याकडचा पावसाळा तिथं पिकवायचा, असा हा हिशेब असतो. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे असं मला वाटतं. इथल्या टनेलमध्ये खरीप मिळत नाही, मिळतो तो आपला रब्बी हंगाम, आणि तो भरभरून मिळतो. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, चाकवत, वाटाणा ही त्याची पिकं. टनेलमधली जागा आधी त्यांना द्यावी आणि उरली तर बाकीच्यांना.

असं का, हे समजायला प्लास्टिक नेमकं काय करतं ते पाहू. उन्हाच्या दिवशी टनेलमध्ये पंचवीस-तीस अंशांपर्यंत तापमान सहज चढतं. पण सूर्य मावळला की हा पातळ कागद उष्णता धरून ठेवत नाही. निरभ्र रात्री आतलं आणि बाहेरचं तापमान जवळजवळ एकच होतं. डब्लिनमध्ये ऐन जुलैतही रात्रीचं सरासरी किमान तापमान 11-12 अंशांच्या आसपास असतं. भेंडीला उबदार रात्र लागते. ती नसली की बी कुजतं किंवा रोप वीतभर वाढून बसून राहतं. मग टनेलचा फायदा काय? तर छप्पर आणि आडोसा. मेट एरनच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणे पूर्व किनाऱ्यावर वर्षातले सुमारे 150 दिवस पावसाचे असतात आणि पश्चिमेच्या काही भागांत सुमारे 225. अशा जमिनीला मार्च-एप्रिलपर्यंत वाफसाच येत नाही. माती हातात घेतली तर गोळा होतो आणि त्यात टाकलेलं बी गारठून सडतं. टनेलमधली माती फेब्रुवारीतही भुसभुशीत असते, कारण तिच्यावर पाणी किती पडायचं हे आपण ठरवतो. पानं कोरडी राहतात हा दुसरा फायदा, आणि तो लहान नाही. ऑगस्ट 1845 मध्ये डब्लिनच्या ग्लासनेव्हिन इथल्या वनस्पती उद्यानात डेव्हिड मूर यांना बटाट्यावर जो करपा दिसला, ज्यानं पुढं या देशात महादुष्काळ आणला, तोच करपा टोमॅटोवरही येतो. त्याला पसरायला ओलं पान लागतं. म्हणून उघड्यावरचा टोमॅटो दमट उन्हाळ्यात काळा पडतो आणि टनेलमधला बहुधा वाचतो. त्याला वाचवते ती उष्णता नव्हे, कोरडं पान.

आता एप्रिल-मेमधलं टनेलचं हवामान मांडून पाहा. दुपारी पंचवीसच्या पुढं, रात्री सात-आठ. हे आकडे पुण्या-नाशिकच्या गार डिसेंबरच्या जवळचे आहेत, आणि त्या दिवसांत तिथल्या बाजारात जे ढिगानं येतं तेच इथं आत उगवतं. फरक एकच, पण तो मोठा आहे: दिवसाची लांबी. पुण्यात डिसेंबरचा दिवस 11 तासांचा असतो, डब्लिनमध्ये जूनचा दिवस 17 तासांचा. पालक आणि कोथिंबीर यांना लांब दिवस लागला की ती पिकं पानं सोडून फुलावर येतात, मेथीही फार काळ थांबत नाही. जूनमध्ये पेरलेली कोथिंबीर बोटभर झाली की तुरा काढते, आणि लोक माती वाईट असं समजतात. कांद्याचंही तसंच. एन-53 सारखं आपल्याकडचं वाण 11-12 तासांच्या दिवसात गड्डा धरायला घडलेलं आहे. ते इथं वसंतात लावलं तर रोप पुरतं वाढण्याआधीच गोटीएवढा कांदा धरून मोकळं होतं. शिवाय 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात पेरणीचं बियाणं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बाहेरून आणता येत नाही. त्यामुळे गावाकडून पुड्या आणायचा विचार सोडावा. इथल्या किराणा दुकानातले अख्खे धने आणि मेथीदाणे बहुतेक वेळा चांगले उगवतात. धने मात्र आपल्या आज्या करत तसे चपलेखाली हलके रगडून पेरावेत. एका धन्यात दोन बिया असतात आणि त्या सुट्या झाल्या की उगवण एकसारखी होते.

म्हणजे पेरणीचे काळ दोन. पहिला फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. त्याचा पाला एप्रिल-मेमध्ये हाती येतो, बाहेरच्या बागेत जुनं संपलेलं आणि नवं तयार व्हायचं असतं तेव्हा. दुसरा काळ ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. ऑक्टोबरच्या शेवटी इथला दिवस 10 तासांच्या खाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यानंतरच वर येतो. या काळात झाडं जगतात, पण जवळजवळ वाढत नाहीत. म्हणून ऑक्टोबर संपेपर्यंत रोप पुरतं वाढलेलं हवं. मग टनेल साठवणीच्या खोलीसारखा वापरता येतो: पालक आणि कोथिंबीर हलकं दंव सोसतात, वरून पातळ पांढरं फ्लीस टाकलं की नाताळातही बाहेरची चार-चार पानं खुडता येतात. नोव्हेंबरात पेरून काही हाती लागत नाही.

यावर आक्षेप येतात. जुलै 2022 मध्ये डब्लिनच्या फीनिक्स पार्कला 33 अंश तापमान नोंदलं गेलं, मग भेंडी का नाही, असं कुणी म्हणेल. तसा उन्हाळा आला तर चार भेंड्या मिळतीलही. पण भेंडीला एक दिवस नव्हे, महिने लागतात, आणि रात्री गारच राहतात. दुसरा आक्षेप वाऱ्याचा, आणि तो खराच आहे. 24 जानेवारी 2025 ला इओविन वादळात पश्चिम किनाऱ्यावर मेस हेडला ताशी 180 किलोमीटरहून जोरदार झोत नोंदले गेले. तशा वाऱ्यापुढं कुठल्याही घरगुती टनेलची खात्री देता येणार नाही. तरी कागदाच्या कडा नुसत्या विटांखाली दाबण्यापेक्षा चर खणून मातीत पुरल्या, कागद उन्हाच्या दिवशी ताणून बसवला आणि पश्चिमेला कुंपणाची झुडपं ठेवली, तर नेहमीची वादळं तो सोसतो. तिसरा आक्षेप प्लास्टिकचा. मला तो सगळ्यात गंभीर वाटतो, कारण चांगला कागदही काही वर्षांनी बदलावा लागतो. पण दुकानातली हिवाळी भाजीही बरीचशी प्लास्टिकखालचीच असते. स्पेनमध्ये अल्मेरिया भागात हजारो हेक्टर जमीन प्लास्टिकनं झाकलेली आहे, आणि 2017 च्या जानेवारीत तिकडं थंडी-पावसानं पिकं गेली तेव्हा आयर्लंड-ब्रिटनच्या दुकानांत सॅलडची पानं मिळेनात. स्वतःचा कागद जपून, फाटला तिथं चिकटपट्टी लावून वापरणारा माणूस त्याहून वाईट काही करत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टोमॅटो आणि काकडी ऑक्टोबरपर्यंत जागा सोडत नाहीत, आणि पालक-मेथीला ती ऑगस्टमध्येच हवी असते. लाल व्हायला आलेली फळं लगडलेलं झाड उपटायला हात धजत नाही. यावर माझा उपाय असा: टोमॅटो एकाच बाजूच्या वाफ्यात लावावेत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचे शेंडे खुडावेत आणि खालची पानं काढून टाकावीत, म्हणजे बुंध्याशी उजेड पोचतो. तिथंच ओळीनं धने पेरावेत. पालकाची रोपं बाहेर ट्रेमध्ये तयार ठेवावीत आणि काकडीचा वेल निघाला त्याच दिवशी त्या जागी लावावीत. समोरचा वाफा मात्र जुलैअखेर रिकामाच ठेवावा. त्यात कंपोस्ट घालून भरपूर पाणी सोडावं, म्हणजे उन्हाळ्यात वर आलेले क्षार खाली जातात, आणि मेथी त्यात ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पेरावी.