'दुर्बल' क्रियापदांचे बळ



याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८१९ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या व्याकरणग्रंथात जर्मानिक क्रियापदांचे 'सबल' आणि 'दुर्बल' असे दोन वर्ग मानले. इंग्रजी 'सिंग'चे 'सँग' होते, तसे धातूतील स्वर पालटून जे भूतकाळ साधते ते सबल. ज्याला त्यासाठी 'द'सारखा प्रत्यय बाहेरून घ्यावा लागतो ते दुर्बल.

चौथ्या शतकात उल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले. त्या भाषेत 'गनिसन्' म्हणजे बचावणे, हे सबल. त्याच धातूपासून साधलेले 'नस्यन्', म्हणजे वाचवणे, हे दुर्बल. त्याचे 'नसिदा' म्हणजे 'मी वाचवले'. मराठी कानाला यात परके काही वाटू नये. 'तरणे'पासून 'तारणे', 'मरणे'पासून 'मारणे' ही तीच रीत. गॉथिक 'सत्यन्' (बसवणे) आणि संस्कृत 'सादयति' ही तर सख्खी भावंडे. विशेषणापासून झालेले 'फुल्नन्', म्हणजे भरून जाणे, हेही दुर्बलच. आपले 'सुखावणे', 'पाणावणे' त्याच्या जवळचे. घडवून आणणे, एखाद्या अवस्थेला येणे, असे साधित अर्थ भाषेने दुर्बलांच्याच हाती सोपवले.

या 'द'चे मूळ 'करणे' या अर्थाच्या, संस्कृत 'धा'शी नाते असलेल्या धातूत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तपशिलात मतभेद आहेत. नवा शब्द आला की आपणही 'फोन केला', 'टाइप केले' असे 'करणे'चेच साहाय्य घेतो.

मराठी भूतकाळातील 'ल' हाही प्राकृतातून आलेला जोडप्रत्यय. 'बसला', 'हसला' ही सरळ रूपे. 'गेला', 'केला', 'मेला' यांत मात्र 'गत', 'कृत', 'मृत' दडलेले आहेत. मराठी क्रियापदांची साक्षेपाने व्यवस्था लावणारे 'शास्त्रीय मराठी व्याकरण'कार (१९११) मोरो केशव दामले काही वर्षे उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापक होते, हे माळव्याने विसरू नये.

लहान मूल 'करला' म्हणते, ते अज्ञानाने नव्हे. त्याला नियम गवसलेला असतो. 'केला' हे रूप नियमाने सापडत नाही, ते वारंवार कानी पडावे लागते. इंग्रजी 'हेल्प' हेही एके काळी सबल होते. पुढे ते दुर्बलांत मिसळले. इंदुरात शाळा आणि बाजार हिंदीत चालतात. तेव्हा 'केला' ऐकू येण्याची जागा मुख्यतः घर हीच. ग्रंथालय शंभर वर्षे ग्रंथ जपू शकते. 'गेला' आणि 'केला' मात्र घरातल्या बोलण्यानेच जपले जातात.