उन्हाळ्यात म्युझिक प्लेअर जपताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो, तेव्हा खिशातल्या म्युझिक प्लेअरचीही कसोटी लागते.

१९७९ साली आलेल्या वॉकमनमध्ये कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा असे. तो सैल पडला की गाणं रेंगाळायचं. २००१च्या पहिल्या आयपॉडमध्ये फिरती हार्ड डिस्क होती. हातातून निसटला की धास्ती. आजच्या फ्लॅश मेमरीत फिरणारा भागच नाही, त्यामुळे ती धक्के सहज सोसते.

आता दुबळी बाजू बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनं लवकर थकते. म्हणून उन्हात उभ्या गाडीत प्लेअर ठेवू नका, तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. बरेच दिवस वापरायचा नसेल, तर बॅटरी साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवा.

विकत घेताना इअरफोनची पिन खोचल्यावर हलते का, बटणं नीट दबतात का, बॅटरी बदलून मिळते का, हे पाहा. खोक्यावर ‘आयपी ६७’ असेल, तर ६ हा आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा आणि ७ पाण्यापासूनच्या. उष्णतेबद्दल मात्र हे आकडे काहीच सांगत नाहीत. त्यासाठी माहितीपत्रकातली तापमानाची मर्यादा वाचा.