महाराज दांड्याला आले होते का?

(खारदांडा येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

माझ्या वर्गात बसलेली काही मुलं आज आपापल्या मुलांना घेऊन समोर बसली आहेत. तेव्हा व्याख्यान म्हणण्यापेक्षा मी आज तासच घेते.

प्राथमिक शाळेत इतिहास कसा शिकवावा, हा विषय मला दिला आहे. मला तो एका मुलीने शिकवला. चौथीचा वर्ग, ‘शिवछत्रपती’ पुस्तक, आरमाराबद्दल सांगत होते. मागच्या बाकावरून ती उठली आणि म्हणाली, “बाई, महाराज आपल्या दांड्याला आल्ते का?” सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “आले असतील.” मुलं खूश झाली, घंटा झाली, सगळी घरी गेली. मला मात्र रात्री झोप येईना. मुलीने मनापासून विचारलं होतं आणि मी तिच्या हातावर खाऊ ठेवून तिला वाटेला लावलं होतं.

बालभारतीचं हे पुस्तक 1970 पासून चौथीच्या मुलांच्या हातात आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा इतिहास त्यातूनच सुरू झाला असेल. मला ते पुस्तक फार प्रिय आहे. नऊ वर्षांच्या मुलाला गोष्ट लागतेच. प्रतापगड आणि आग्रा सांगताना वर्गात जी शांतता पसरते, ती दुसऱ्या कुठल्या तासाला मिळत नाही. पण तेच मूल रिकाम्या जागेत ‘शिवनेरी’ आणि ‘1630’ बिनचूक भरतं, आणि शिवाजी महाराज आधी की गांधीजी आधी, असं विचारलं की गप्प बसतं. सन म्हणजे त्याला बसच्या नंबरासारखा एक आकडा. काळ किती लांब आहे, हे त्याच्या हाताला कधी लागलेलंच नसतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बंदरावरून होडीचा जुना दोर मागून आणला. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर राज्याभिषेक चौदा पिढ्यांमागे जातो. दोराला चौदा गाठी मारल्या, एकेका गाठीशी एकेक मूल उभं केलं. पहिली गाठ आईची, दुसरी आजीची, तिसरी पणजीची. तिसऱ्या गाठीनंतर कुणाला नाव सांगता येईना. दोर वर्गाबाहेर गेला, व्हरांड्याच्या टोकाला पोचला. चौदाव्या गाठीवरचा मुलगा तिथून ओरडला, “बाई, मला तुमचं ऐकू येत नाही!” काळ म्हणजे काय, हे मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मग त्या मुलीच्या प्रश्नाकडे आलो. मी वर्गाची माफी मागितली आणि सांगितलं, महाराज दांड्याला आल्याचा कागद मला माहीत नाही. राज्याभिषेक झाला त्या 1674 साली आपला दांडा ज्या बेटावर आहे ती साष्टी पोर्तुगीजांकडे होती. 1534 च्या तहापासूनच. माहीमच्या खाडीपलीकडे मुंबईत इंग्रज. तिथूनच हेन्री ऑक्झिंडेन नावाचा त्यांचा वकील राज्याभिषेकाला रायगडावर गेला होता. मराठ्यांनी साष्टी घेतली 1737 मध्ये, वसई 1739 मध्ये. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे दांड्यावर मराठ्यांचा अंमल जेमतेम सदतीस वर्षं. मुलांचे चेहरे उतरले. उतरू दिले मी. खरं ऐकून चेहरा पडतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

आणि मग खांदेरी किल्ल्याची गोष्ट काढली. 1679 साली महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोरच्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी कामावर होते. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांच्याकडे ‘रिव्हेंज’सारखी मोठी तोफांची जहाजं, आपल्याकडे लहान होड्या. तरी रात्री रसद बेटावर पोचत राहिली. कशी पोचली असेल? हे मी मुलांना विचारलं आणि उत्तर सांगायला एका मुलाच्या आजोबांना बोलावलं. चाळीस वर्षं समुद्रात काढलेले नाखवा. त्यांनी फळ्यावरचं चित्र बघितलं आणि म्हणाले, “वारा पडला की शिडाचं जहाज म्हणजे लाकूड. वल्ह्याची होडी वाऱ्याची वाट बघत नाय. आन् उथळ पाण्यात मोठं जहाज घुसणार कुठून?” अमावास्येची रात्र, भरतीची वेळ, खडक कसे चुकवायचे, सगळं त्यांनी हाताने दाखवलं. त्या दिवशी मी शिकवलं नाही, ऐकत बसले. ज्या मुलाचा इतिहासाचा पेपर कायम कोरा असायचा, त्याचा आजोबा वर्गाला आरमार समजावून सांगत होता, आणि तो मुलगा ताठ बसला होता.

तेवढ्यात एकाने विचारलं, “बाई, पण हे कशावरून?” हा प्रश्न आला की माझ्या लेखी इतिहासाचा तास सुरू झाला. मी सांगितलं, यातलं बरंचसं इंग्रजांच्याच पत्रांवरून कळतं. होड्या आमच्या हातून निसटतात, अशा तक्रारी त्यांनी आपल्या वरिष्ठांना लिहिल्या. “त्यांचं आपण कशाला खरं धरायचं?” वर्गात वाद झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, “स्वतः हरलो असं कोण खोटं लिहील?” साक्षीपुरावा कसा तपासावा, हे तिने नवव्या वर्षी एका वाक्यात सांगितलं होतं.

पालक म्हणतात, बाई, पोर्शन कधी होणार? होतो. मिठाचा सत्याग्रह शिकवताना खारचं नाव आणि मिठागरं आठवून द्यायची, दोन स्टेशनं पुढे पार्ल्याला 1930 साली जमनालाल बजाजांची छावणी होती ते सांगायचं. धडा निम्म्या वेळात होतो. वांद्रे-खारच्या गावठाणांत जुने क्रूस आहेत. 1896 च्या प्लेगनंतर लोकांनी असे क्रूस उभारले. मुलांना तिथे नेऊन दगडावरचं साल वाचायला लावा. नीट वाचता आलं नाही की ती बोटाने अक्षर चाचपतात, पानावर कधी चाचपत नाहीत.

अलीकडे एका मुलाने किनाऱ्यावर उभं राहून विचारलं. समोर वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे. “बाई, हे पण नंतर इतिहासात येणार? मग आपल्याबद्दल कोण लिहिणार, पूल बांधणारे का?” मी म्हटलं, तू लिही. वर्गात एक वही ठेवली. दिनांक, कोणी सांगितलं, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं, या तिन्ही गोष्टी लिहिल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, एवढाच नियम. पहिल्या पानावर त्याने लिहिलंय: ‘आज उधाण. आजोबांची होडी बाहेर गेली नाही. आजोबा म्हणाले, पूर्वी बोंबील जास्त मिळायचे. हे मी ऐकलं. होडी मी पाहिली.’