पायऱ्यांचे गुण

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाटचाल’ असा विषय दिलाय. त्याला दोन वाक्यं पुरतील. पुण्यात नोकरी केली. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप घेऊन मेहरूणला आईकडे आले आणि इथलीच झाले. नोकरी अजून चालू आहे. पण आज मी दुसरंच सांगणार आहे, कारण त्या गोष्टीतले एक जण पहिल्या रांगेत बसलेत आणि आत्तापासूनच हसताहेत.

२०२१ साली धाकट्या भावाची नोकरी गेली. त्याला लहानपणापासून गाड्यांचं वेड. घरामागे पत्र्याची शेड रिकामी पडली होती. मी म्हटलं, आपण कार डिटेलिंग सुरू करू. भांडवल माझं, मेहनत दोघांची. आई म्हणाली, “इंजिनिअर केली तुला, अन् आता लोकांच्या गाड्या धुणार का वं?”

आम्ही दरपत्रक लावलं. धुलाई, आतली सफाई, आणि सगळ्यात वर, सगळ्यात महाग, रंगाचं पॉलिश. खरं सांगते, पॉलिश आम्हा दोघांनाही येत नव्हतं. व्हिडिओ पाहिले होते, रोटरी मशीन आणलं होतं, एवढंच. माझ्या धंद्यात तसंच चालतं ना! पहिली आवृत्ती अर्धीकच्ची काढायची, लोक चुका कळवतात, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करायची. फारच बिघडलं तर जुनी आवृत्ती परत आणायची.

तिसऱ्या आठवड्यात आपले गणिताचे सर आले. गडद निळी गाडी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. आठ दिवसांवर मुलीचं लग्न होतं आणि पाठवणी त्याच गाडीतून व्हायची होती. बोनेटवर बारीक ओरखड्यांची जाळी होती आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. सर म्हणाले, “तू आहेस म्हणून निर्धास्त ठेवून जातो.”

मशीन मीच हातात घेतलं. बोनेटचा मधला भाग छान चमकला, तसा हुरूप वाढला. मग कडेच्या उंचवट्यावर आले. दाब थोडा जास्त पडला, मशीन एका जागी क्षणभर रेंगाळलं. उचलून पाहिलं तर पांढऱ्या पॅडवर निळा रंग आणि बोनेटवर रुपयाएवढा निस्तेज डाग.

काय झालं ते साध्या शब्दांत सांगते. गाडीचा रंग म्हणजे थरांवर थर. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून पृष्ठभाग सपाट करणं. दर वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. कडांवर आणि उंचवट्यांवर थर आधीच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच एकवटतो. मी तो थर पार करून खालच्या रंगापर्यंत पोचले होते. इथे जुनी आवृत्ती परत येत नाही. पूर्ण बोनेट पुन्हा रंगवणं, एवढाच इलाज.

सरांना फोन करताना हात थरथरत होते. ते आले, वाकून डाग पाहिला. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, “मशीन लावण्याआधी काय काय तपासलंस? क्रमाने सांग.” मला एकही गोष्ट सांगता येईना. तेव्हा सर म्हणाले, “उत्तर चुकलं तरी मी पायऱ्यांचे गुण देतो, तुला माहीत आहे. इथे पायऱ्याच नाहीत, गुण कशाचे देऊ?”

बोनेट आमच्या खर्चाने रंगवून घेतलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाडी मिळाली. रंगाची छटा उन्हात किंचित वेगळी दिसते, आजही दिसते. पाठवणीच्या वेळी सगळे नवरीकडे बघत होते. मी आणि भाऊ बोनेटकडे.

दुसऱ्या दिवशी दरपत्रकातून पॉलिश काढलं. भाऊ म्हणाला, “ताई, कमाई त्यातच आहे.” खरंच होतं ते. सहा महिने फक्त धुलाई आणि आतली सफाई केली आणि तोटा मी पगारातून भरला. पण त्या सहा महिन्यांत कळलं की धुलाईसुद्धा आम्हाला नीट येत नव्हती. ती ओरखड्यांची जाळी बहुतेक वेळा धुळीच्या फडक्यानेच पडते. म्हणून दोन बादल्या आल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, जड पाणी पत्र्यावर बघता बघता वाळतं आणि क्षारांचे डाग सोडतं. म्हणून सकाळी लवकर, सावलीत धुवायचं आणि लगेच पुसायचं.

दर रविवारी भंगारातून आणलेल्या बोनेटवर सराव केला. मुद्दाम रंग जाळून पाहिला, किती दाबाने आणि किती वेळात जळतो ते वहीत लिहिलं. रोटरी बाजूला ठेवून फिरता फिरता डोलणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घेतलं. त्यात उष्णता कमी, धोका कमी. जाडी मोजायचं मीटर घेतलं. तेही सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, हे आधी समजून घेतलं.

आज शेडच्या भिंतीवर पायऱ्या लिहिल्या आहेत. धुवा. उजेडात आधीचे डाग, ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवा. जाडी मोजा. कडांना टेप लावा. फूटभर जागेवर आधी सगळ्यात सौम्य पॉलिश करून पाहा. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबा. खोल ओरखडा असेल तर ‘हा जाणार नाही’ असं तोंडावर सांगा. त्यामुळे काही गिऱ्हाइकं निघून जातात. जाऊ देतो.

कुणी विचारतं, पूर्ण येण्याआधी धंदा सुरू करावा का? मी म्हणते, जरूर करावा. शेड उघडली नसती तर आम्ही शिकलोच नसतो. पण जे येतं तेवढंच विकावं आणि शिकायचं ते भंगारातल्या पत्र्यावर शिकावं. विश्वासाने ठेवून गेलेल्या माणसाच्या गाडीवर नाही.

गेल्या वर्षी सर पुन्हा गाडी घेऊन आले. भिंतीवरच्या पायऱ्या वाचल्या, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, ‘१० पैकी ७’. उरलेले तीन कशाचे कापले, ते अजून सांगितलेलं नाही. सर, आज सांगाल का?